व्याज सोडलं, ओळ सोडली नाही

(अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला विषय दिलाय, 'कोर्ट आणि आपण'. मी वकील नाही. मॅट्रिक आहे, तेही दुसऱ्या खेपेला. दिवसा गोदीत माल उचलतो, रात्री जागा मिळाली तर कविता लिहितो. तेव्हा कायद्यावर व्याख्यान माझ्याकडून होणार नाही. मी एका कागदाची गोष्ट सांगणार आहे.

मागच्या बैठकीत एका मित्रानं मला सगळ्यांसमोर विचारलं, "तू कवितेत आग ओकतोस आणि बापाच्या केसमध्ये तडजोड करतोस, हे कसं काय?" मी गप्प बसलो. बोललो असतो तर मारामारी झाली असती. घरी जाऊन रात्रभर तो प्रश्न चावत बसलो. प्रश्न खोटा नव्हता म्हणून चावला. तो मित्र आज समोरच बसलाय. बरं झालं. त्याला उत्तर देतो. उत्तर पटलं नाही तर त्यानं उठून सांगावं.

माझा बाप गोदीत ठेकेदाराच्या टोळीत होता. २०२२ चा मे महिना, दुसरी पाळी. बोटीच्या फाळक्यातून लोखंडी पाइपांची जुडी वर निघाली होती. स्लिंग तुटली. खाली बाप होता. स्लिंग जुनी आहे, तिच्या तारा सुटल्यात, हे टोळीतल्या प्रत्येकानं आठवडाभर बघितलं होतं. मुकादमाला सांगितलंही होतं. मुकादम म्हणाला, ही बोट उरकू द्या, मग बदलू. बोट उरकली. बापही उरकला.

वय पन्नास. आधार कार्डावर जन्मतारीख १ जानेवारी. आपल्या सगळ्या बापांची असते तीच.

पुण्यानुमोदन झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी ठेकेदाराचा माणूस घरी आला. बरोबर मुकादम. मुकादम आपल्याच समाजातला, हे पण सांगून टाकतो, नाहीतर तुम्ही मनात भलताच चेहरा रंगवाल. त्याच्या घरात बुद्धाची मूर्ती आहे, चौदा एप्रिलला तो आमच्यापेक्षा मोठी वर्गणी देतो. दोघं चटईवर बसले, पाणी प्याले. मग पिशवीतून शंभराचा स्टॅम्पपेपर काढला. टाइप केलेला. माणूस म्हणाला, "तीन लाख रोख. आणि पोराला पर्मनंट टोळीत घेतो. आईंची सही, पोराची सही, विषय संपला."

मी कागद वाचला. त्यात लिहिलं होतं की सदर मयत इसम हा आमच्या टोळीतील कामगार असून घटनेच्या वेळी दारूच्या नशेत होता व स्वतःच्या निष्काळजीपणामुळे मयत झाला. ठेकेदाराने माणुसकीच्या नात्याने दिलेली रक्कम रोख मिळाली, भरून पावलो. आमची कोणाहीविरुद्ध तक्रार नाही व पुढेही राहणार नाही.

घरात त्या दिवशी काय होतं ते ऐका. हॉस्पिटलचे आणि मातीचे मिळून एक लाख वीस हजार कर्ज, शेकडा पाचनं. म्हणजे महिन्याला सहा हजार नुसतं व्याज. धाकटी बहीण नववीत. काका म्हणाला, सही करून टाक, गेलेला माणूस येत नाही. शेजारी म्हणाले, सही कर, कोर्टात चपला झिजतात. खरं सांगतो, माझा हात पेनाकडे गेला होता. तीन लाख मी आयुष्यात बघितले नव्हते.

आईला वाचता येत नाही. ती म्हणाली, "काय लिवलंय ते वाच."

मी वाचलं. दारूच्या ओळीवर आलो आणि थांबलो. तिनं विचारलं, "थांबलास का?" मी ती ओळ वाचली.

आई म्हणाली, "माजा नवरा पीत नव्हता आसं मी म्हनत न्हाई. पगाराच्या दिशी प्यायचा, मला मारलंय बी. पन त्या दिशी पेला नव्हता. दुपारी माज्या हातची भाकर खाऊन गेला. जे केलं न्हाई ते त्याच्या नावावर कसं लिवू?"

मुकादम म्हणाला, "वहिनी, ती ओळ नुसती फॉर्म्यालिटी आहे."

आई म्हणाली, "मग काडा."

ती ओळ निघेना. माणूस म्हणाला, "विचार करा, उद्या येतो." कागद तिथंच ठेवून गेला. आईनं तो घडी करून ट्रंकेत ठेवला. का ठेवला, तिला माहीत नव्हतं. मलाही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी विधी सेवा प्राधिकरणाच्या कचेरीत गेलो. हे लिहून घ्या, उपयोगी आहे. १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण कायदा आहे. त्याच्या कलम १२ प्रमाणे अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला फुकट वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. बाईलाही मिळतो. माझी आई दोन्हीत बसते. आम्हांला एक वकीलबाई मिळाल्या. त्यांनी कागद वाचला आणि हसल्या. मला राग आला. माझा बाप मेलाय आणि ही बाई हसते! मग त्यांनी सांगितलं कशाला हसल्या ते.

तेव्हा १९२३ चा कर्मचारी भरपाई कायदा लागू होता. कामावर असताना, कामामुळं अपघात झाला की मालकानं भरपाई द्यायची. मालकाची चूक सिद्ध करायची गरज नाही. ठेकेदाराचा माणूस असला तरी ज्याच्या धंद्यासाठी काम चाललं होतं त्या मूळ मालकालाही कलम १२ धरतं. आता दारूचं बघा. कामगार जखमी झाला आणि कारण दारू असेल, तर मालकाला सुटायला वाट होती. पण माणूस मेला किंवा कायमचा पूर्ण अपंग झाला, तर दारूची सबब त्या कायद्यात चालतच नव्हती. बाई म्हणाल्या, "तुमचे वडील समजा पिऊन असते, तरी यांना पैसे द्यावेच लागले असते. मग ही ओळ कशाला हवी यांना?"

मी म्हटलं, कशाला?

"पोलिसांसाठी. स्लिंग सडकी होती, तपासली नव्हती, ही निष्काळजी भारतीय दंड संहितेच्या ३०४अ मध्ये येते. बायको-पोरानंच लिहून दिलं की मयत पिऊन होता, की फाइल बंद."

दोस्तांनो, मी कवी म्हणवतो. एका ओळीत किती ताकद असते यावर मी चहा पीत तासतासभर बोललोय. पण एक ओळ बापाला दुसऱ्यांदा कशी मारते, हे मला त्या टेबलावर कळलं.

दुसरी गोष्ट बाईंनी सांगितली ती तीन लाखांची. कलम ८ म्हणत होतं, कामगार मेला असेल तर भरपाई आयुक्ताकडंच जमा करायची. घरी आणून हातात दिलेली रोकड भरपाई धरली जात नाही. वारसांना फार तर तीन महिन्यांच्या पगाराएवढी उचल देता येते. कलम १७ म्हणत होतं, भरपाईचा हक्क सोडून देणारा करारच रद्दबातल. म्हणजे आम्ही सही केली असती तरी कायद्यानं आमचा हक्क जात नव्हता. फक्त आम्हांला ते माहीत नसलं पाहिजे, एवढीच अट होती. त्यांचा सगळा धंदा आपल्या माहीत नसण्यावर चालतो.

आणि हिशेब किती होता? पगाराचा निम्मा भाग घ्यायचा. बापाचा पगार जास्त होता, पण जानेवारी २०२० पासून हिशेबाला पगाराची मर्यादा पंधरा हजार धरत. निम्मे साडेसात हजार. त्याला वयाप्रमाणे ठरलेल्या आकड्यानं गुणायचं. पन्नास वर्षांना तो आकडा १५३.०९. गुणाकार करा. ११,४८,१७५ रुपये. महिन्याच्या आत दिले नाहीत तर बारा टक्के व्याज, आणि कारण नसताना थकवले तर रकमेच्या निम्म्यापर्यंत दंड. साडेअकरा लाखांच्या माणसाला ते तीन लाखांत, दारुड्या म्हणून, विकत घ्यायला आले होते.

सप्टेंबर २०२२ ला अर्ज दाखल केला. मुदत दोन वर्षांची असते, तीही ध्यानात ठेवा. अर्ज लागला आणि माझी पाळी बंद झाली. कोणी काढलं नाही, कोणी नोटीस दिली नाही. मुकादम सकाळी नावं पुकारायचा, त्यात माझं नाव नसायचं. आठ महिने मी दारूखान्यात भंगार उचललं. आई तीन घरची भांडी घासू लागली. व्याज चालूच, महिन्याला सहा हजार.

ठेकेदारानं लेखी जबाब दिला, तो वाचून मी वेडा झालो. त्यात लिहिलं होतं, हा माणूस आमचा कामगारच नव्हता! मस्टरवर नाव नाही. गोदीत का आला होता ते आम्हांला ठाऊक नाही. टोळीतले चार जण साक्ष द्यायला तयार होते. पहिल्या तारखेला चार, दुसऱ्या तारखेला तीन. एक गावी निघून गेला. दोघांना घरी बोलावून सांगितलं गेलं असणार, कारण ते मला बघून रस्ता बदलू लागले. मी त्यांना शिव्या दिल्या, भर रस्त्यात, आयाबहिणीवरून. आज त्याची लाज वाटते. त्यांची पाळीही त्याच मुकादमाच्या तोंडात होती. उरला एक विंचवाला. तो आला. त्याचं नाव मी इथं घेत नाही, त्याला अजून तिथंच काम करायचंय.

२०२४ मध्ये आमची फाइल लोकन्यायालयात ठेवली. ऑफर सहा लाख. बाहेर एक जण मला म्हणाला, लोकन्यायालयात नाही म्हटलं तर केस संपते. साफ खोटं. लोकन्यायालय दोन्ही बाजूंच्या संमतीशिवाय निवाडा देऊ शकत नाही. नाही म्हटलं की फाइल होती तिथं परत जाते. पण एकदा हो म्हटलं की तो निवाडा दिवाणी हुकूमनाम्यासारखा पक्का, त्यावर अपील नाही. हे कलम २१ आहे. म्हणून तिथं सही करताना घाई करू नका. आम्ही नाही म्हटलं.

मग तो स्टॅम्पपेपर ट्रंकेतून बाहेर आला.

वकीलबाईंनी तो उलटा केला. स्टॅम्पपेपर घेताना वेंडर मागं नाव लिहितो, कोणी घेतला, कशासाठी घेतला. मागं ठेकेदाराचं नाव होतं. आणि पुढं टाइप केलेलं होतं, 'आमच्या टोळीतील कामगार'. ठेकेदाराचा माणूस साक्षीला आला तेव्हा बाईंनी त्याला विचारलं, "मयत तुमचा कामगार नव्हता ना? मग त्याच्या बायकोसाठी हा कागद तुम्ही कशाला विकत घेतला?" त्यानं पाणी मागितलं. मी मागच्या बाकावर होतो. बापाच्या मरणानंतर त्या दिवशी पहिल्यांदा मला पोटभर भूक लागली.

महिन्याभरात निरोप आला. साडेअकरा लाख. दारूची ओळ नाही. जबाबातलं 'आमचा कामगार नाही' मागं घेतो. पैसे आयुक्तांकडं जमा करतो. बदल्यात व्याज आणि दंड सोडा. शिवाय तोंडी आणखी एक गोष्ट, ती कागदावर नाही. फौजदारी खटल्यात पोरानं जरा सांभाळून बोलावं, मग तेरा देऊ.

आता मित्रा, तू इथं माझ्या जागी बस.

न थांबता लढलो असतो तर? मला वाटतं, जिंकलो असतो. मुद्दल, वर अडीच वर्षांचं व्याज साडेतीन लाखांच्या आसपास, कदाचित दंड. आणि एक निकाल, छापील, सही-शिक्क्याचा. त्यात लिहिलेलं असतं की हा माणूस कामगार होता, कामावर मेला, आणि ठेकेदार कोर्टात खोटं बोलला. तो निकाल टोळीतला दुसरा माणूस उद्या हातात धरून उभा राहिला असता. पण निकालानंतर अपील आहे. अपील करताना मालकाला पैसे आधी भरावे लागतात, हे खरं. भरलेले पैसे अपील संपेपर्यंत आम्हांला मिळतीलच याची कोण हमी देतो? आणि विंचवाला पुढच्या तारखेपर्यंत टिकेल याची?

मी घरी म्हटलं, लढायचं. मी ताठ होतो. बाबासाहेबांचं नाव घेतलं. आईला म्हटलं, महाडची केस दहा वर्षं चालली, आपली अडीचच झालीत.

तुम्हांला माहीत आहे, तरी सांगतो. २० मार्च १९२७ ला चवदार तळ्याचं पाणी बाबासाहेब प्याले. त्याच वर्षी डिसेंबरात महाडच्या सवर्णांनी दिवाणी दावा लावून मनाई हुकूम आणला. सत्याग्रहाला माणसं जमली होती, लढायला, तुरुंगात जायला तयार होती. बाबासाहेबांनी तळ्यावरचा सत्याग्रह थांबवला आणि केस लढवली. महाडच्या कोर्टात, ठाण्याच्या अपिलात, मग मुंबई हायकोर्टात. १७ मार्च १९३७ ला हायकोर्टानं सांगितलं, अस्पृश्यांना तळं बंद असल्याची पूर्वापार वहिवाट सिद्ध होत नाही. दहा वर्षांना तीन दिवस कमी. मधे तडजोड नाही.

आई म्हणाली, "धा वर्सं बाबासायबांनी येकट्यानं काडली का? मानसं हुती त्येंच्यामागं. तुज्यामागं कोन हाय?"

मी बोललो नाही. कारण मी मोजत होतो. अडीच वर्षांत तीसेक तारखा झाल्या. त्यात तुमच्यापैकी किती जण आले? एक जण दोनदा आला, त्याचे आभार. बाकीचे मोर्च्यात भेटले, चहाच्या टपरीवर भेटले, "लढ साल्या, सोडू नकोस" म्हणाले. मीही दुसऱ्यांना असंच म्हणत आलोय. 'लढ' म्हणायला पैसे पडत नाहीत. तारखेला उभं राहायला एक दिवसाची हजेरी पडते.

आणि त्याच बाबासाहेबांची दुसरी गोष्ट माझ्या डोक्यात आली. २० सप्टेंबर १९३२ ला गांधींनी येरवड्यात उपोषण सुरू केलं, २४ तारखेला पुणे करारावर सही झाली. स्वतंत्र मतदारसंघ गेले, राखीव जागा १४८ मिळाल्या. पाच दिवसांत. ज्या माणसानं एका तळ्यासाठी दहा वर्षं माघार घेतली नाही, त्याच माणसानं, महाडची केस चालू असतानाच, ही सही केली. कारण गांधी मेले असते तर गावोगावच्या महारवाड्यांवर काय कोसळलं असतं, हे त्यांना दिसत होतं. ती तडजोड चुकीची होती की बरोबर, यावर आपण इथं कितीदा भांडलो. भांडूच. मला त्यातून वेगळी गोष्ट दिसते. त्यांनी सही केली आणि गप्प बसले नाहीत. सही कशी घेतली गेली, काय गेलं, काय मिळालं, याचा हिशेब पुढं १९४५ साली पुस्तक लिहून मांडला. तडजोड करणाऱ्यानं हिशेब चव्हाट्यावर मांडावा. मी आज तेवढंच करतोय, माझ्या वकुबाप्रमाणं.

तर आम्ही साडेअकरा घेतले. तेरा घेतले नाहीत. तो वरचा दीड लाख माझ्या तोंडाची किंमत होती. वकीलबाईंनीही सांगितलं, फौजदारी खटला दाबण्याचा करार कायद्यात बसतच नाही, आणि ३०४अ आपसांत मिटवता येत नाही. तो सरकारचा खटला आहे, त्यात मी साक्षीदार. साक्षीदारानं खरं सांगायचं. आईनं एका वाक्यात निकाल दिला, "मुद्दल घ्या. याज सोडा. पोरगा खरं बोलंल."

तडजोडीची पुरसिस आयुक्तांपुढं दिली. आयुक्तांनी आईला विचारलं, समजलं का, कोणी दाब दिलाय का, किती रक्कम कमी होतेय ठाऊक आहे का. आईनं सांगितलं, "ठाव हाय." अंगठा दिला. बहीण तेव्हा अजून सज्ञान नव्हती, तिचा हिस्सा बँकेत मुदतीनं ठेवायचा हुकूम झाला. कर्ज फिटलं. आता मजा बघा. सावकारानं आमच्याकडून अडीच वर्षांत मुदलापेक्षा जास्त व्याज घेतलं, पै सोडली नाही. आणि ज्यानं बाप मारला त्याला आम्ही व्याज माफ केलं. गरिबाच्या घरी न्याय असा येतो, मागच्या दारानं, मुद्दल घेऊन.

मी काय गमावलं, तेही सांगतो. तो निकाल गमावला. स्लिंग कोणी तपासली नव्हती हे त्या आयुक्तांच्या कागदावर कुठंच आलं नाही. माझ्यानंतर येणाऱ्याला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागेल. विंचवाल्यानं माझ्यासाठी जी जोखीम घेतली तिचं मोल आम्ही आमच्या घरापुरतं खाल्लं. या गोष्टी मला झोपू देत नाहीत. तेव्हा मित्रा, तुझा प्रश्न मी झटकून टाकत नाही.

पण सगळ्या तडजोडी एका पोत्यात भरू नका. माझ्या मावसभावाची गोष्ट सांगतो, गाव सांगत नाही. वरातीत गाणं वाजवलं म्हणून मारलं. ॲट्रॉसिटीचा गुन्हा दाखल झाला. मग देवळात गावकी बसली. "पोलीस आज आहेत, उद्या जातील. तुला इथंच राहायचंय ना?" पन्नास हजार आणि चहा. भाऊ त्यांच्याच शेतात ऊस तोडायला जायचा. तो गुन्हा आपसांत मिटवता येत नाही हे तिथं बसलेल्या सगळ्यांना माहीत होतं. म्हणून त्यांनी खटला मिटवला नाही, साक्षीदार मिटवले. कोर्टात सगळे फिरले. आणि वर्षाच्या आत तेच लोक पारावर सांगू लागले, "केस खोटी होती, म्हणून तर पैसे घेऊन मिटवली." पन्नास हजारात त्यांनी भावाचा मारही विकत घेतला आणि खरेपणाही.

२०२१ मध्ये सुप्रीम कोर्टानं एका निकालात म्हटलं की ॲट्रॉसिटीचा गुन्हा मुळात खाजगी किंवा दिवाणी स्वरूपाचा असेल, जातीवरून झालेला नसेल, आणि तडजोड कोणत्याही दबावाशिवाय झाली असेल, तर खटला रद्द करता येतो. आता गावात ऊस ज्याच्या शेतात तोडायचा त्याच्यासमोर देवळात बसून केलेली तडजोड दबावाशिवाय झाली, हे कोण ठरवणार? तिथं प्रश्न आपण विचारायला हवा. १९८९ च्या या कायद्यात २०१५ च्या दुरुस्तीनं कलम १५अ आलं. पीडिताला आणि साक्षीदाराला संरक्षण, प्रवासखर्च, खटल्यात आपलं म्हणणं मांडायचा हक्क. माझ्या भावाला हे कोणी सांगितलं नाही. मीही सांगितलं नाही. मी तेव्हा कविता लिहीत होतो. त्याच्यावरच.

माझ्या आणि भावाच्या तडजोडीत फरक काय? मी रात्ररात्र विचार केला. सही कुठं होते ते बघा. घरात, देवळात, मुकादमासमोर होते, की ज्याला प्रश्न विचारायचा अधिकार आहे त्याच्यासमोर होते. कागदावर काय लिहिलंय ते बघा. रक्कम नंतर वाचा, आधी ओळी वाचा. खोटं लिहिलं असेल तर कितीही पैसे असोत, नको. मान आणि मार हे विकायच्या मालात येत नाहीत. मजुरी आणि भरपाई येतात, त्यांचा भाव करता येतो. आणि शेवटी, किंमत कोण मोजतंय ते बघा. आईच्या हाताला भांड्यांनी चिरा पडल्या असताना मी तत्त्व सांगत बसलो होतो. तत्त्व माझं, चिरा तिच्या. लढायचं की मिटवायचं, हे ठरवायचा पहिला हक्क चिरा पडलेल्या हाताचा.

एक कामाची सूचना. मी सांगितलेली भरपाईची कलमं १९२३ च्या कायद्याची. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याच्या जागी सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० लागू झाली, भरपाईचं प्रकरण आता तिच्यात आहे. उद्या कोणावर वेळ आली तर माझी कलमं पाठ म्हणू नका. नवीन काय आहे ते वकिलाकडून समजून घ्या, आणि त्याआधी कशावरही सही करू नका. स्टॅम्पपेपर मात्र ठेवून घ्या. उलटा करून बघा.

माझं मागणं एकच आहे. यापुढं आपल्यातल्या कोणाला 'लढ' म्हणायचं असेल तर आधी वही काढा. त्याच्या तारखा लिहून घ्या. पाळी कोण बुडवणार, घरात पीठ कोण टाकणार, साक्षीदाराला कोर्टापर्यंत कोण घेऊन येणार, हे ठरवा. हे ठरलं तर त्याला तडजोड करू नको म्हणायचा अधिकार तुम्हांला आहे. नाही ठरलं, तर तो जे करील त्याचा हिशेब ऐका आणि त्याला गद्दार म्हणू नका.

भरपाईची फाइल बंद झाली. ३०४अ चा खटला अजून चालू आहे. त्यात माझी उलटतपासणी व्हायची आहे. ते मला पुन्हा दारूवर नेणार. पोस्टमार्टेमच्या कागदात दारूचा उल्लेख नाही, तरी नेणार. मी सांगणार आहे की माझा बाप पगाराच्या दिवशी प्यायचा, आईला मारायचा, आणि त्या दिवशी आईच्या हातची भाकरी खाऊन कामावर गेला होता. स्लिंग सडकी होती.

तारीख, कोर्टाचा नंबर आणि वेळ मी फळ्यावर लिहितो. मित्रा, तुझ्याकडं पेन आहे ना? लिहून घे.

जयभीम.